नंबर काय तिचा?

आमच्या घरातल्या वाटीला नाव आहे. वाटीलाच काय, झाऱ्याला, पळीला, पोहे भाजायच्या कढईलासुद्धा आहे. कोल्हापुरात पापाच्या तिकटीकडं भांडी घ्यायला गेलं की दुकानदार पैसे मोजायच्या आधी विचारतो, "नाव काय घालायचं?" मग गल्ल्याशेजारचं ते छोटं मशीन घरघरायला लागतं आणि पातेल्याच्या काठाला तारखेसकट नाव उमटतं. लग्नातलं भांडं असेल तर 'सप्रेम भेट' आणि देणाऱ्याचं अख्खं खानदान. वाटी शेजारी गेली तरी चार दिवसांनी काहीतरी घालून परत येते, ती त्या नावाच्या जोरावर.

आणि दारात उभी असलेली बारा-पंधरा हजारांची सायकल? तिच्यावर कंपनीचं नाव हातभर. आपलं कुठंच नाही.

हे मला सुचलं ते भाच्याची सायकल गेल्यावर. राजारामपुरीत क्लासच्या दारातून गेली, भर संध्याकाळी, पन्नासभर पोरं आजूबाजूला असताना. कोल्हापुरात अशा वेळी माणसं जमतात आणि प्रत्येकाकडं एक मत असतं. चहावाला म्हणाला, "मघाशी एक पोरगं घेऊन गेलं बघा, मला वाटलं त्याचीच हाय." हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. सायकल चोरणाऱ्याला कुणी चोर म्हणून बघतच नाही; चाकाचं कुलूप लागलेली सायकल मागनं उचलून धरून चाललेला माणूस दिसला तर आपण उलट म्हणतो, बिचाऱ्याची किल्ली हरवली असेल. कुणी म्हणालं सीसीटीव्ही बघा, कुणी म्हणालं स्टँडवर जाऊन बघा. आणि शेवटी ते सगळ्यांच्या तोंडचं: "गेली म्हणजे गेली लगा. नवी घ्या."

घरातली कागदपत्रांची कामं माझ्याकडं असतात. रेशनकार्डातलं नाव, सातबाऱ्यावरची वारसनोंद, कुणाच्या पेन्शनचा हयातीचा दाखला. त्यामुळं दाजी आणि भाचा मला घेऊनच पोलीस ठाण्यात गेले. कुठल्या ते सांगत नाही. तिथल्या माणसांनी वाईट वागवलं असंही नाही. ठाणे अंमलदारांनी समोरचा कागद ओढला आणि विचारायला सुरुवात केली. कंपनी? भाच्यानं सांगितली. रंग? काळा, त्यात निळे पट्टे. गिअरची? व्हय.

"नंबर काय तिचा?"

भाच्यानं माझ्याकडं बघितलं, मी दाजींकडं. दाजी म्हणाले, "सायकलीला कुठं नंबर असतोय, साहेब?"

"असतोय की. आत्ता काळ्या-निळ्या गिअरच्या सायकली ह्या गावात किती असतील?" मग त्यांनी पेनानंच मागच्या दाराकडं खूण केली. "मागं उभ्या हाईत बघा धा-वीस. तुमची हाय का बघून या. असली तरी तुमचीच कशावरनं, तेवढं ठरवून या."

मागं गेलो. कंपाउंडच्या भिंतीला टेकून, एकमेकींच्या अंगावर रेललेल्या सायकली. एका लेडीज सायकलीच्या बास्केटमध्ये पिंपळाचं रोप उगवलेलं. चाकांच्या आऱ्यांतून घाणेरीच्या फांद्या आरपार गेलेल्या, त्यामुळं एक ओढली असती तर तिच्या मागं दोन आल्या असत्या. सीट नसलेल्या कितीतरी, नुसती नळी वर तोंड करून उभी, त्यात पावसाचं पाणी. हँडलला दोऱ्यानं बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या होत्या, गुन्ह्याचा नंबर लिहिलेल्या. बऱ्याच चिठ्ठ्यांवरची शाई उडून गेली होती. भाच्याची सायकल तिथं नव्हती. पण त्या सगळ्या कुणाच्या तरी होत्या. कुणीतरी वाढदिवसाला घेतल्या होत्या, कुणीतरी दूध घालायला वापरल्या होत्या. चोर सापडला, सायकल सापडली, मालक तेवढा सापडला नाही.

आपण सगळे उलटं समजून चालतो. आपल्याला वाटतं, पोलिसांना सायकल सापडणं हेच अवघड आहे. पण सायकल ही काही सोन्याची चेन नव्हे, की वितळवली आणि संपली. ती रस्त्यावरच फिरत असते, भिंतीला टेकून उभी राहते, शेवटी कुठंतरी पकडली जाते. अडतं ते पुढं. ही सायकल आणि हा माणूस यांना जोडणारा कागद मिळत नाही. बेवारस मालासाठी कायद्यात जाहीरनाम्याची तरतूद आहे: ज्याचा हक्क असेल त्यानं सहा महिन्यांच्या आत येऊन सांगावं. सांगायला जाणाऱ्याकडं सांगण्यासारखं काही नसलं तर सहा महिने काय आणि सहा वर्षं काय. मग लिलाव होतो आणि भंगारवाला टेम्पो घेऊन येतो.

आमची नोंद आधी 'गहाळ' अशी होऊ घातली होती. गहाळ आणि चोरी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गहाळ म्हणजे वस्तू तुमच्या हातून कुठंतरी राहिली. तिचा कुणी तपास करत नाही, तुम्हाला एक दाखला मिळतो, झालं. आम्ही नम्रपणे म्हणालो, साहेब, सायकल खिशातनं पडत नाही. ते हसले आणि मग किमतीवर आले. किंमत का विचारतात हे मला त्या दिवशी नीट कळलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कायद्यात चोरीचं कलम होतं ३७९, आता ३०३. त्यात एक नवीन गोष्ट घातली आहे: चोरलेला माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. कल्पना वाईट नाही. एखादं पोरगं नादानं सायकल घेऊन गेलं तर त्याला तुरुंगात घालून कुणाचं भलं होणार आहे? पण याच पाच हजारांच्या आतल्या चोरीला नव्या प्रक्रियेच्या कायद्यात अदखलपात्र ठरवलंय. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतली जाते आणि ती वही मिटते.

आता हिशोब करा. जुनी साधी सायकल, बाजारभाव दोन-अडीच हजार. ज्याची जाते तो बहुतेक सेंट्रिंगच्या कामावर जाणारा गडी, पेपर टाकणारं पोरगं, नाहीतर धुणीभांडी करायला चार घरं फिरणारी बाई. त्याच्या दृष्टीनं ती सायकल म्हणजे पगार. कायद्याच्या दृष्टीनं ती पाच हजारांच्या आत. भाच्याच्या सायकलीचं बिल दाजींनी ज्या दुकानातून ती घेतली तिथनं परत काढून आणलं, त्यावर तेरा हजारांच्या वरचा आकडा होता, म्हणून चोरीचा गुन्हा दाखल झाला. बिलावर नंबराचा रकाना मात्र कोराच होता. दुकानदार म्हणाला, "कोण विचारतंय, सायेब?" खरंच, कोण विचारतंय?

नंबर असतो कुठं हे बघायला मी आमच्या गल्लीच्या तोंडाला असलेल्या बापूंच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक टपरी, एक पाण्याची घमेली आणि बाहेर झाडाच्या फांदीला टांगलेली जुनी टायरं. तिथं दुरुस्तीला आलेली एक गिअरची सायकल होती. बापूंनी ती सीट आणि हँडलवर उलटी उभी केली, पेट्रोलात भिजवलेलं फडकं घेतलं आणि पायडलची क्रँक फ्रेममध्ये जिथं शिरते तिथलं जाड नळकांडं पोटाच्या बाजूनं पुसायला लागले. आधी नुसता काळा चिखल आला. मग ग्रीस. मग रंग दिसायला लागला आणि त्या रंगाखाली, आधी ओरखडे वाटावेत असे, एकामागून एक आकडे वर आले. दोन अक्षरं आणि पुढं आठ-नऊ आकडे. बापू म्हणाले, "हे हिचं आधार कार्ड. बाकी स्टिकरबिकर काय खरं न्हाई, बारकोडचं स्टिकर नखानं निघतंय."

गिअरच्या आणि अलीकडच्या बहुतेक सायकलींना नंबर याच जागी ठोकलेला असतो. जुन्या काळ्या दांडीच्या सायकलींना सीटखाली, सीटची नळी फ्रेमला मिळते त्या सांध्यावर सापडतो. काहींना हँडलच्या खालच्या जाड नळीवर, काहींना मागच्या चाकाच्या एक्सलजवळ. वाचताना घोटाळा हमखास. ठोकलेल्या खाचेत रंग बसलेला असतो, त्यामुळं आठ आणि बी, पाच आणि एस, शून्य आणि ओ सारखेच दिसतात. बापूंनी यावर शाळकरी उपाय सांगितला. पातळ कागद वर ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची, आपण लहानपणी रुपयाचा छाप काढायचो तसा. आकडा स्वच्छ कागदावर उतरतो. मोबाईलनं फोटो काढायचा तर बॅटरी समोरून न मारता कडेनं मारायची, म्हणजे खाचांत सावली पडते. मी दोन्ही करून बघितलं. कागद जास्त इमानदार निघाला.

"चोरानं कानस मारली तर?" मी विचारलं.

"मारू दे की. कानस मारलेली सायकल घेऊन कोण आलं तर मला कळंल न्हवं?"

बापूंचं हे म्हणणं मला फार पटलं. नंबर खोडलेला दिसणं हासुद्धा एक पुरावाच.

नंबराचं महत्त्व आमच्या शेजारच्या अण्णांना कुणी शिकवायची गरज नव्हती. अण्णा उद्यमनगरात फिटर होते, निवृत्त होऊन जमाना झाला. त्यांची ॲटलास सायकल कोल्हापूरच्या निम्म्या लोकांनी बघितलेली असेल, कारण अण्णा रोज पहाटे पंचगंगा घाटावर जातात, तिथनं अंबाबाईला, तिथनं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. घाटावरूनच ती एका सकाळी गेली. त्यांनी तक्रार दिली तेव्हाही ते 'नंबर काय' वर अडले नाहीत. त्यांच्या डायरीच्या पहिल्या पानावर सगळं असतं: रक्तगट, विजेचा ग्राहक क्रमांक, गॅसचा नंबर आणि सायकलचा. दरवर्षी नव्या डायरीत ते हे पान उतरवून काढतात. मुलं हसतात. हसोत बापडी.

बऱ्याच दिवसांनी दुसऱ्याच एका गुन्ह्यात पकडलेल्या पोराकडं सायकलींचा ढीग निघाला आणि अण्णांना फोन आला. मी बरोबर गेलो. हवालदारांनी सायकल आडवी केली, सीट सैल करून फिरवली. सांध्यावर तीन रंगांचे थर होते, वरचा अगदी ताजा, लाल. ते खरवडत हवालदार एकेक आकडा म्हणत होते आणि अण्णा चष्मा कपाळावर ढकलून डायरीत बोट ठेवत होते. "सात." "बरोबर." "दोन." "बरोबर." शेवटच्या आकड्याला गाडी अडली, कारण तो गंजानं पुरता खाल्ला होता. तीनही असेल, आठही असेल.

हवालदारांनी मान हलवली. अण्णा शांतपणे म्हणाले, "पुढच्या चिमट्याच्या टोकाला बघा. एक्सल बसतोय ती पत्ती. डावीकडची, आतनं."

चाक सोडवावं लागलं. पत्तीच्या आतल्या अंगाला, नट बसतो त्याच्या वर, दोन बारीक अक्षरं ठोकलेली होती, अण्णांच्या नावाचं आणि आडनावाचं. वर्कशॉपमध्ये जॉबवर मारायचे पंच असतात, त्यातलेच दोन घेऊन त्यांनी ती अक्षरं सायकल नवी असतानाच मारून ठेवली होती. सांगितली होती नेमकी त्याच जागी. "हे कुणाला सांगितलं होतं का कधी?" हवालदारांनी विचारलं. "सांगितलं असतं तर उपेग काय?" अण्णा म्हणाले.

यावर लगेच सायकल हातात आली असं समजू नका. माल एका गुन्ह्यातला मुद्देमाल होता, म्हणून कसबा बावड्याला कोर्टात अर्ज, त्यावर पोलिसांचा 'से', म्हणजे त्यांचं लेखी म्हणणं, मग ओळखपत्र, बाँड, कोर्टाच्या हुकमाची नक्कल. पण हे सगळं होतं, आणि वकिलांशिवायही होतं, हे लोकांना माहीत नसतं. खटला संपेपर्यंत वस्तू ठाण्याच्या आवारात सडत ठेवायची गरज नाही, फोटो काढा, पंचनामा करा, हमी घ्या आणि मालकाला देऊन टाका, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सांगितलेलं आहे. ते वाचून मला त्या पिंपळाच्या रोपाची आठवण झाली. पण हुकूम कितीही चांगला असला तरी त्यातला 'मालक' कोण हे आधी ठरायला लागतं.

अण्णांच्या पिढीला हे सोपं गेलं, कारण त्यांच्या काळात सायकलीची नोंद ठेवणं हे गावाचंच काम होतं. महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिका सायकलीवर कर घ्यायच्या आणि दरवर्षी एक धातूचा बिल्ला द्यायच्या, त्यावर साल आणि नंबर. बिल्ला नसलेली सायकल अडवली जायची. रात्री दिवा नसला तरी अडवायचे आणि डबलसीट दिसलं तरी. लोकांना तो जाच वाटायचा आणि पुढं ते सगळं बंद झालं. बंद झालं ते बरंच झालं, गरिबाच्या वाहनावर कर कशाला? फक्त कराबरोबर नोंदवहीही गेली, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आणि भाड्यानं सायकल देणारी दुकानं. ताशी भाड्यावर सायकल मिळायची, आम्ही मधल्या नळीतून पाय घालून हाफ पायडल शिकलो ते त्याच सायकलींवर. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात दुकानाचं नाव आणि भला मोठा आकडा. आत लांबोडकी वही: सायकल नंबर, नाव, कुणाचा कोण, नेली किती वाजता, आणली किती वाजता. 'कुणाचा कोण' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मालक विचारायचा, "कुठल्या तालमीचा?" कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे, गल्लीचं मंडळही तेच. एवढ्यावर सायकल मिळायची. तालीम सांगितली म्हणजे घर, गल्ली, बाप, सगळं आलं. अकरा नंबरची सायकल संध्याकाळपर्यंत आली नाही तर मालक दारात हजर.

त्या वहीची जागा आता कशानंच घेतलेली नाही. मोटारसायकलीला आर.सी. बुक आहे. मोबाईलला पंधरा आकडी आय.एम.ई.आय. नंबर आहे, २०२३ पासून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर देशभरात कुठूनही तो नंबर टाकून हरवलेला फोन बंद पाडता येतो, आणि पोलीस शोधून काढलेले फोन कार्यक्रम घेऊन मालकांना परत करतात, त्याचे फोटो पेपरात येतात. फार कशाला, गंगावेशीच्या कट्ट्यावर उभ्या असलेल्या म्हशीच्या कानात पिवळा टॅग आहे, बारा आकडी. म्हैस चोरली तर तिला तिचा नंबर आहे. कोल्हापुरात हे योग्यच म्हणायला हवं. पण म्हशीचं दूध घेऊन ज्या सायकलीवरून कॅन घरोघरी जातात, त्या सायकलीचा नंबर कारखान्यात ठोकलेला असूनही तो मालकाच्या नावापुढं लिहून ठेवणारं देशभराचं सरकारी दफ्तर नाही. सायकल मोटार वाहन कायद्यात बसत नाही, तिथं प्रश्न संपला. कंपनीला विचारावं तर अण्णांच्या ॲटलासचंच बघा: साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनाला.

जपानात १९९४ पासून सायकलीची नोंद कायद्यानं सक्तीची आहे. दुकानातच नोंद होते, फ्रेमवर नंबराचं स्टिकर लागतं आणि गस्तीवरचा पोलीस वाटेत थांबवून नंबर जुळवून बघतो. नेदरलँड्समध्ये जुनी सायकल घेण्याआधी फ्रेमचा नंबर टाकून ती चोरीची नाही ना हे बघायची सरकारी सोय आहे. मला या दोन्हीतली दुसरी सोय जास्त आवडते. पहिल्यात मालकावर ओझं, दुसरीत घेणाऱ्यावर.

कारण चोरीची सायकल घेणारा नसेल तर चोरणाऱ्याला काय ती लोणच्याला घालायची आहे? बापू सांगतात, चोर दोन तऱ्हेचे. एक नुसतं फिरायला नेतो आणि रंकाळ्यावर किंवा रेल्वे स्टेशनजवळ सोडून देतो. अशी सायकल खरं तर चोरीला गेलेलीच नसते. ती उभी असते आणि तिथला वॉचमन महिनाभर तिच्याकडं बघत असतो, कारण तिच्यावर फोन नंबर नसतो. दुसरा धंद्यानं चोरतो. तो चांगली चाकं, गिअर, सीट काढतो आणि फ्रेम वेगळी विकतो, किंवा अख्खी सायकल खेड्यात नेऊन निम्म्याहून कमी किमतीत देतो. "बिल हाय का?" असं घेणारा विचारत नाही, कारण उत्तर त्याला माहीत असतं. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला सबळ कारण असून घेणं हाही गुन्हाच आहे, न्याय संहितेचं कलम ३१७. पंधरा हजारांची सायकल तीन हजारांत मिळते तेव्हा 'मानायला सबळ कारण' आणखी वेगळं काय असतं? बापू स्वतः जुनी सायकल घेताना विकणाऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेतात आणि नंबर त्यावरच लिहून ठेवतात. धंदा कमी होतो म्हणतात. पण गेल्या किती वर्षांत त्यांच्या दारात कधी पोलीस आला नाही.

भाच्याला नवी सायकल घेतली, तेव्हा बिलावर फ्रेम नंबर लिहून सही-शिक्का घेतला. दुकानदारानं आधी कुरकूर केली, मग सायकल उलटी करताना त्यालाच मजा वाटायला लागली. सायकलीचे फोटो काढले: एक आडवा अख्खा, एक नंबराचा, एक भाचा शेजारी उभा आहे असा, आणि पहिल्याच आठवड्यात पडला तेव्हा क्रँकवर उमटलेल्या ओरखड्याचा. नव्या सायकली सगळ्या जुळ्या असतात, त्यांना वेगळं करतात ते ओरखडेच. सीट वर काढून नळीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी सोडली, नाव आणि फोन नंबर. पंच मात्र मारले नाहीत. ॲल्युमिनियमची नळी पातळ असते, अण्णांनीच अडवलं: "ते लोखंडाचं काम हाय. ह्याला पापाच्या तिकटीचं मशीन बास." तर भांडीवाल्याकडं नेऊन सीटखालच्या क्लँपवर नाव घालून आणलं. त्यानं पैसे घेतले नाहीत, पण सवयीनं तारीख घातली.

नोंद ठेवायची कुठं, हाही प्रश्नच. फोनमध्ये ठेवली तर फोन जातो. कागदावर ठेवली तर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत राहणाऱ्या बहिणीला विचारा. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी घरात आलं तेव्हा बिलं, दाखले, सगळं लगदा झालं. म्हणून एक कागद, एक फोटो, आणि एक प्रत तिसऱ्या कुणाकडं तरी.

ही तिसरी प्रत तालमीत ठेवावी असं माझ्या डोक्यात आलं. तालमीकडं वर्गणीची वही असते, गणपतीच्या मांडवाच्या सामानाची यादी असते, कुठल्या पेटीत किती झालर ते लिहिलेलं असतं. त्यात सायकलींची एक वही. नाव, कंपनी, रंग, फ्रेम नंबर, खूण. रविवारी सकाळी बापू फडकं आणि पेट्रोल घेऊन बसतील, पोरं सायकली उलट्या करतील, मी लिहीन. मीटिंगमध्ये मांडलं. सगळ्यांना पसंत पडलं, म्हणजे लगेच भांडण सुरू झालं. एकजण म्हणाला, वही बाहेरच्याच्या हाती लागली तर कुणाकडं कसली भारी सायकल आहे ते आयतं कळेल. मुद्दा बरोबर होता, म्हणून वही कपाटात आणि किल्ली एकाकडंच असं ठरलं. मग किल्ली कुणाकडं यावर अर्धा तास. खजिनदारांनी सुचवलं, सायकलीमागं दहा रुपये घेऊ. त्यावर अण्णा उठले आणि म्हणाले, दहा रुपये घेतले की तो बिल्ल्याचा कर झाला, आणि कर द्यायचा तर पावती पाहिजे. खजिनदार म्हणाले, पावतीपुस्तक छापायला पाचशे लागतील. दाजींनी विचारलं, मग पावतीवर सायकलचा नंबर टाकणार का?

पुढची मीटिंग गुरुवारी आहे. तोवर बापूंनी आपल्या टपरीत शाळेची दोनशे पानी वही आणून ठेवलीय आणि पंक्चर काढायला येईल त्याची सायकल उलटी झालीच आहे म्हणून नंबर उतरवून घ्यायला सुरुवात केलीय. फुकट.